माडीवर टॉकीज काढायचीय, पण शेजारी नीटची पोरं अभ्यास करतात

या वेळचं पत्र लातूरचं आहे. थोडं कापून देतो:

"आमचं दोन मजली घर आहे. माडीवर एक खोली आहे, ११ बाय १४, उंची १०. रिकामी म्हणायची पण सोयाबीनची पोती, आईची ट्रंक अन् लग्नातल्या गाद्या पडून आहेत. तिथं होम थेटर करायचंय. बजेट दोन लाख, ओढून ताणून सव्वादोन. ऑनलाईन एक प्रोजेक्टर दिसतोय, ९००० लुमेन, फोरके, अन् लई स्वस्त, घेऊ का? एक मित्र म्हणतो भिंतींना थर्माकोल लाव, दुसरा म्हणतो अंड्याचे ट्रे लाव. अडचण अशी की शेजाऱ्यांच्या अन् आमच्या भिंतीत हात घालायला जागा नाही, खिडकी पण त्यांच्याच बाजूला आहे, अन् त्यांच्या माडीवर नीटची तयारी करणारी चार पोरं भाड्यानं राहतात. बायको म्हणते पाहुणे आले तर झोपवायचे कुठं. वडील म्हणतात हॉलमधला टीव्ही काय वाईट आहे. सांगा आता. – माडीवाला"

माडीवाले दादा,

पत्र वाचलं अन् प्रोजेक्टर राहिला बाजूला, आधी डोळ्यासमोर आली ती चार पोरं. लातूर पॅटर्नच्या गावात राहून भिंतीपलीकडच्या नीटच्या पोराची झोप मोडायची म्हणजे लेकराचे वर्षाचे पैसे भरलेल्या त्याच्या बापाचा तळतळाट घ्यायचा. त्यामुळं एक रुपया खर्च करायच्या आधी एक काम करा. ओळखीत कुणाकडं तो मोठा पार्टी स्पीकर असेल, खाली चाकं अन् लायटी लुकलुकणारा, तो एका रात्रीसाठी मागून आणा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. रात्री दहाच्या जरा आधी खोलीत लावा, पिक्चरला लावाल तेवढ्या आवाजात, दार-खिडकी बंद करा, पोराला तिथं बसवा अन् तुम्ही स्वतः शेजाऱ्यांच्या माडीवर जाऊन ते पोरगं जिथं टेबलाला बसतं तिथं पाच मिनिटं गप बसा.

काय ऐकू येईल ते आत्ताच सांगतो. डायलॉग येणार नाहीत, गाणं कोणतं ते पण कळणार नाही, पण धम... धम... धम येईल, दुरून वरात चालल्यासारखं. तेच धम पोराला रात्री दोन वाजता उठवणार. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात राहत्या वस्तीत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण नियमाचं सोडा, चहाला तोंड दाखवायचंय ना रोज.

आता थर्माकोल अन् ट्रे. यात लोकांची एक मोठी गल्लत होते अन् ती माझी पण झाली होती म्हणून जरा सविस्तर सांगतो. आवाज बाहेर जाऊ न देणं हे एक काम, अन् खोलीत आवाज घुमू न देणं हे दुसरंच काम. दोन्हीचं सामान वेगळं, खर्च वेगळा. आवाज अडवायला वजन लागतं, वीट, काँक्रीट, जाड काच, जाड प्लाय. थर्माकोलला वजनच नाही, ते काय अडवणार, चाळणीनं पाणी अडवल्यासारखं ते. अंड्याचे ट्रे वरच्या पट्टीतला थोडा आवाज इकडं तिकडं करतात, बाकी काही नाही. मी स्वतः एका हॉटेलवाल्याकडून दीडशे ट्रे आणून भिंतीला चिकटवले होते, पंधरा दिवस खोलीत कोंबड्यांच्या खुराड्याचा वास, आवाज होता तेवढाच, अन् झुरळं मात्र झाली. वर हे दोन्ही पेटतं लगेच. बंद खोली, दहा वायरी, अन् भिंतभर थर्माकोल, नका करू हे. हात जोडून सांगतो.

तुमची भिंत नऊ इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली असेल तर ती एकटीच जवळपास ५० डेसिबल अडवते, म्हणजे भिंतीला काहीच करायची गरज नाही. आवाज जातो फटीतून. हिशोब बघा, दार ३ फूट बाय ७ फूट, अन् खाली अर्ध्या इंचाची फट, म्हणजे दाराच्या एक टक्का पण जागा नाही, पण तेवढ्यावर त्या दाराची सगळी अडवाअडवी वीस-बावीस डेसिबलवर येऊन थांबते, मग दार शिसमाचं लावा का लोखंडाचं. उंबरा नसेल तर बसवून घ्या. चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी, दाराला खालून रबराचा पट्टा, अन् दार पोकळ असेल तर त्यावर अजून एक १८ एमएमचा प्लाय ठोकून घ्या. सुतार म्हणेल काय गरज आहे साहेब, तर त्याला म्हणा लाईट बंद करून आत बस अन् दाराच्या कडेनं बाहेरचा उजेड कुठं कुठं दिसतो ते सांग, जिथून उजेड येतो तिथून आवाज जातो. माझ्या सुताराला हे असं दाखवल्यावर तो स्वतःच मेणबत्ती घेऊन फटी शोधत बसला होता अर्धा तास.

खिडकीची गोष्ट जरा अवघड आहे कारण ती नेमकी पोरांच्या बाजूला आहे. विटांनी बुजवून टाका असं सांगणारे भेटतील, पण बुजवू नका, पाहुणे झोपायचेत तिथं. आहे ती खिडकी राहू द्या अन् आतल्या बाजूनं एक झाकण करून घ्या, १८ एमएमचे दोन प्लाय एकाला एक चिकटवून, कडेला रबर, चार मजबूत खिट्ट्या. काच अन् झाकण यांच्यात चार बोटं तरी मोकळी जागा सोडा, त्या हवेच्या थराचा लई फायदा होतो. पिक्चर असला की झाकण लावायचं, पाहुणा असला की काढून दारामागं उभं करायचं. वजनाला जड होईल, मूठ बसवून घ्या नायतर पाठ धरेल.

एवढं करून पण तो धम थोडा जाणारच, कारण खालचा सूर भिंतीतून, स्लॅबमधून चालत जातो. म्हणून सबवूफर, म्हणजे खालचा सूर काढणारा स्पीकर, छोटा घ्या, आठ किंवा दहा इंची, तो शेजाऱ्यांच्या भिंतीपासून लांबच्या बाजूला ठेवा अन् त्याच्याखाली जाड रबराचा किंवा फोमचा तुकडा टाका, नाहीतर खाली झोपलेल्या वडिलांच्या पलंगाला पिक्चर कळेल. सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो रिसिव्हर, बहुतेक रिसिव्हरमध्ये नाईट मोड असतो, त्यात मोठे आवाज दबतात अन् बोलणं वर येतं, दहानंतर तो लावायची सवयच लावून घ्या. थेटरात आवाजाचं जे माप धरतात त्यात एकेका स्पीकरचा मोठ्यात मोठा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातो, घरात तेवढं कुणी ऐकत नाही अन् ऐकू पण नये. खोली शांत असली की कमी आवाजात पण सगळं कळतं, त्या दारा-खिडकीच्या खर्चाचा अर्धा फायदा हाच आहे.

आता खोलीच्या आतलं. पोती-गाद्या बाहेर काढल्या की मोकळ्या खोलीत मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टर्रर्र असा आवाज मागं येईल, स्प्रिंग ओढून सोडल्यासारखा. वेरूळला दहा नंबरच्या लेणीत गेला असाल तर आठवा, कुणी एक ओम म्हटला की तो कमानीत किती वेळ फिरत राहतो. मंत्राला ते छान वाटतं पण पिक्चरमधल्या डायलॉगला नाही, त्यात एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो अन् मग सगळे म्हणतात आवाज वाढवा, काय बोलतात कळंना. दगड, गिलावा, फरशी, काच, सगळं कडक. तिथं मऊ काहीतरी पाहिजे.

अन् मऊ सामान तुमच्या घरात पडूनच आहे की. त्या लग्नातल्या गाद्या! सोफे, रिक्लायनर वगैरे काही घेऊ नका. पुढं खाली बैठक घाला, गाद्या, लोड, तक्के, वर सतरंजी. मागं ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी चार खुर्च्या. शहरातल्या थेटर-खोल्यांत मागच्या रांगेला लाकडी ओटा करतात म्हणजे पुढच्याचं डोकं मधी येऊ नये, तुमचे पुढचे लोक खालीच बसलेले असल्यामुळं तो ओटा करायची गरजच पडत नाही. अन् वहिनींचा प्रश्न पण इथंच मिटला, पिक्चर संपला की त्याच बैठकीवर पाहुणे आडवे. आमच्याकडं तर पाहुणे पिक्चर संपायच्या आधीच आडवे होतात.

बाजूच्या भिंतींना जुन्या वाकळा टांगल्या तरी टाळीचा टर्रर्र बराच जातो, आईच्या हातची असेल तर दिसायला पण देखणी. पण वाकळ फक्त वरचा आवाज पिते, मधला अन् खालचा नाही. त्यासाठी रॉकवूल लागतं, दोन इंच जाड, ४८ किलो घनतेचं मागा, सुताराकडून २ बाय ४ फुटाच्या सहा चौकटी करून घ्या, त्यात ते भरा अन् वरून सुती कापड ताणून मारा. कापडातून फुंकर मारून बघायची, पलीकडं हवा गेली तर चालतं, नाही गेली तर रेक्झिनसारखं झालं ते, उपयोग नाही. गंजगोलाईच्या बाजारात अशी कापडं ढिगानं मिळतील. रॉकवूल हाताळताना मास्क अन् हातमोजे घाला, खाजतं लई. चौकटी कुठं लावायच्या हे कळायला आरसा लागतो. तुम्ही बसायच्या जागेवर बसा, पोराला भिंतीला आरसा टेकवून हळूहळू सरकवत न्यायला सांगा, आरशात जिथं तुम्हाला पुढचा स्पीकर दिसला तिथं एक चौकट. दोन्ही बाजूला तसंच. उरलेल्या मागच्या भिंतीला.

बसायचं कुठं याबद्दल एक गोष्ट मनावर घ्या, मागच्या भिंतीला डोकं टेकून कुणालाच बसवू नका. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्या हिशोबानं तुमच्या १४ फुटाच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून बसतो, ११ फुटात ५१ चा अन् १० फूट उंचीत ५६ चा. हे सूर भिंतीजवळ फुगतात अन् मधी कुठंतरी गायबच होतात. म्हणून एकाच खोलीत भिंतीला टेकलेला म्हणतो बास लई आहे अन् मधी बसलेला म्हणतो बासच नाही, दोघं पण खरंच बोलत असतात. मुख्य बैठक पडद्यापासून ९ फुटांवर धरा, डोकं मागच्या भिंतीपासून ५ फूट लांब राहतं. खुर्च्या त्याच्या मागं, पण त्या पण भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं ओढून. बाकी तुमची तिन्ही मापं वेगवेगळी आहेत हे नशीब समजा, १० बाय १० बाय १० ची खोली असती तर मी सरळ पोतीच ठेवा म्हणलो असतो.

प्रोजेक्टर. तो ९००० लुमेनवाला नका घेऊ. कामून ते सांगतो. लुमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप, ते मोजायच्या ठरलेल्या पद्धती आहेत, एएनएसआय अन् आयएसओ, खोक्यावर त्यातलं काही लिहिलेलं नसेल अन् नुसतं ९००० लिहिलं असेल तर तो आकडा छापणाऱ्याच्या मर्जीचा. फोरकेचं पण तसंच, नीट वाचा, फोरके सपोर्टेड लिहिलेलं असतं, म्हणजे फोरकेचं सिग्नल आत घेतो एवढंच, दाखवतो तो त्याच्या काचेत असतील तेवढेच ठिपके, अन् ते कितीतरी वेळा १२८० बाय ७२० असतात. नेटिव्ह रेझोल्युशन कुठं बारीक अक्षरात आहे का ते शोधा. मी असा एक घेऊन बसलोय, दिवसा भिंतीवर भूत दिसावं तसा हिरो दिसायचा, परत करायला गेलो तर मुदत संपलेली. आता तो गणपतीत देखाव्याला मागं ढग दाखवायच्या कामाला येतो.

अन् मुळात लुमेन लागतात किती? थेटरातल्या पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट उजेड असावा असं प्रमाण आहे, साध्या पांढऱ्या पडद्याला म्हणजे दर चौरस फुटाला १४ लुमेन. तुम्हाला मी ९२ इंची पडदा सांगणार आहे, तो ६ फूट ८ इंच रुंद अन् ३ फूट ९ इंच उंच, २५ चौरस फूट. पंचवीस चौदा साडेतीनशे. अंधाऱ्या खोलीत साडेतीनशे लुमेन पडद्यावर पोचले तरी थेटर झालं! आता चांगल्या रंगाचा मोड लावला की उजेड बराच कमी होतो, दिवा जुना झाला की अजून कमी, त्यामुळं खरे मोजलेले १५०० ते २००० असलेला फुल एचडी प्रोजेक्टर घ्या, भरपूर झाला. शंभर इंचीचा मोह होईल, सगळ्यांना होतो, सांगायला भारी वाटतं ना शंभर. पण ९ फुटांवरून ९२ इंची पडदा नजरेचा साधारण ४० अंश भरतो, मोठ्या थेटरात चांगल्या रांगेत बसल्यासारखा, अन् दोन्ही बाजूंना स्पीकरला दोन दोन फूट जागा राहते. शंभर घेतला की म्हातारी माणसं मान फिरवत बसतील.

घेताना थ्रो रेशो विचारा, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट लांब प्रोजेक्टर ठेवायचा तो आकडा. १.२ असेल तर तुमच्या पडद्याला ८ फुटांवर टांगावा लागेल, १.५ असेल तर १० फुटांवर. टांगायची जागा आधी नक्की करा, मग प्रोजेक्टर घ्या, उलटं केलं की नेमका पंखा मधी येतो. तिरका टांगून मेनूतून कीस्टोननं सरळ करता येतं खरं पण त्यात चित्र खराब होतं, टांगतानाच सरळ टांगा. पडद्याची खालची कड फरशीपासून दीड-दोन फुटांवर, बैठक खाली आहे म्हणून एवढी खाली घ्यायची.

रंगाबद्दल घरात भांडण होणार हे धरून चाला. छत पांढरं असलं की पडद्यावरचा उजेड छतावर जातो अन् परत पडद्यावर येतो, मग काळा रंग राखाडी दिसतो. पूर्ण काळी खोली करा असं म्हणत नाही, वहिनी भूतबंगला म्हणतील अन् बरोबर म्हणतील. पडद्याची भिंत अन् तिथून पुढं पाच फूट छत अन् बाजू, एवढ्याला गडद रंग द्या, गर्द निळा, मरून, काय आवडेल ते, फक्त मॅट पाहिजे, चकाकी नको. मागची खोली आहे तशी.

वडिलांचं म्हणणं पण उडवून लावू नका हां. घरात मुख्य कार्यक्रम दुपारची मॅच अन् संध्याकाळच्या मालिका असेल, लाईट चालू, येणं-जाणं चालू, तर प्रोजेक्टर तिथं मार खातो, ७५ इंची टीव्ही घ्या अन् ९ फुटांवरून खुशाल बघा. रात्री सगळ्यांनी मिळून पिक्चर बघायचा असेल तरच प्रोजेक्टर. हे घरात विचारून ठरवा, तुमच्या एकट्याच्या मनात काय आहे त्यावर नको. माझे वडील जत्रेतल्या तंबू टॉकीजच्या गोष्टी सांगायचे, पैसे कमी असले की पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचं, पाट्या उलट्या दिसायच्या. त्यांना पहिल्यांदा माझा पडदा दाखवला तर उठून मागं जाऊन बघून आले, भिंत आहे म्हणून नाराज झाले.

स्पीकरमध्ये पैसा कमी पडतोय असं वाटलं तर मागचे दोन पुढच्या वर्षी घ्या, पण मधला सेंटर स्पीकर सोडू नका. बहुतेक सगळं बोलणं त्यातून येतं. ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर अन् एक सबवूफर चालवणारा रिसिव्हर घ्या अन् आत्ता त्याला पुढचे तीन अन् सब जोडा, वायर मात्र पाचही जागी आत्ताच टाकून ठेवा, नंतर गिलावा फोडायला लागतो. पुढचे दोन कानांच्या उंचीला, तुमच्याकडून बघताना पडद्याच्या मधल्या रेषेपासून २२ ते ३० अंशांत, मागचे नंतर घ्याल ते बरोबर बाजूला किंवा थोडे मागं, ९० ते ११० अंश. छतात स्पीकर बसवायचं वेड सध्या लई आहे, तुमच्या बजेटमध्ये त्याचा विचार पण करू नका. प्रोजेक्टरपर्यंत एचडीएमआय, म्हणजे चित्र-आवाजाची केबल, न्यायला दीड-दोन इंची पाईप टाका, मोकळा, आत ओढायला दोरी ठेवून. दहा मीटरच्या आसपास लांबी झाली की साधी तांब्याची केबल फोरकेला दगा देते, ऑप्टिकल घ्या, अन् तिला दिशा असते, कोणतं टोक टीव्हीकडं ते तिच्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून मगच पाईपात ओढा. मी उलटी ओढली होती. दोनदा.

लाईटचं बोलू. दीड टनाचा एसी चालू असताना दीड हजार वॉटच्या आसपास घेतो, त्याला मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर अन् वेगळा एमसीबी. बाकी सामानाला दुसरी, अडीचची. अन् अर्थिंग तपासा, नुसतं तीन पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं होत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं पडतं अन् मग स्पीकरमधून बारीक घुंऽऽ असा आवाज येत राहतो, लोक रिसिव्हर बदलतात पण खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकत नाहीत. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर हे सामान लावू नका, साईन वेव्हचा पाहिजे. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर लाईट गेल्यावर त्याचा पंखा थोडा वेळ फिरायला पाहिजे, त्यासाठी तरी छोटा यूपीएस लागतोच.

तुम्ही एसीचं काहीच लिहिलं नाही, म्हणजे कूलर डोक्यात असेल. वरचा मजला, स्लॅब दिवसभर तापलेला, एप्रिल-मेमध्ये रात्री अकरा वाजता पण छताला हात लावला की ऊब लागते, अन् आपण दारं-खिडक्या बुजवून बसलोय. कूलरला खिडकी उघडी लागते तिथंच सगळं मुसळ केरात. वर त्याची घरघर, दमट हवा सामानाला वाईट, अन् पाणी. ज्या गावानं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय त्या गावात पिक्चरसाठी कूलरमध्ये घागरी ओतायच्या म्हणजे मला तरी धाडस होणार नाही. एसीच घ्या, गच्चीवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घ्या, फरक पडतो. अन् बंद खोलीत सात-आठ माणसं तीन तास बसली की डोकं जड होतं, एसी हवा थंड करतो, नवी आणत नाही, तर इंटरव्हलला दार उघडा, चहा करा, मग दुसरा भाग.

पैशाचे वाटे असे पाडा, खोलीचं काम, रंग अन् वायरिंग ४० हजार, एसी ४० च्या आत, प्रोजेक्टर ६०, आवाजाचं सामान ६० ते ६५. पडदा पहिल्या वर्षी नसला तरी चालतो, भिंत घासून गुळगुळीत करून पांढरा मॅट रंग अन् भोवती काळ्या कापडाची चौकट, कुणाला कळत नाही. माझ्या खोलीत अजून तेच आहे.

राहता राहिली पोती. सोयाबीनला भाव येईल म्हणून थांबला असाल, कळतंय. पण धान्य अन् वायरी एका खोलीत ठेवू नका. माझ्याकडं कोपऱ्यात नुसती दोन पोती होती तुरीची. एके रात्री सेंटर स्पीकर बंद पडला. रिसिव्हर उघडला, सेटिंगं बदलली, पिशवीत घालून गाडीवर दुरुस्तीवाल्याकडं नेला, त्यानं दोन दिवस ठेवून चांगला आहे म्हणून परत दिला, मी मनात त्यालाच शिव्या घातल्या. पंधरा दिवसांनी पोतं सरकवलं तर मागं वायरीचा बोटभर तुकडा कुरतडलेला, तांब्याच्या तारा दातांनी विंचरल्यासारख्या वेगळ्या केलेल्या, अन् बाजूला तुरीच्या टरफलांचा छोटा ढीग. बसून खाल्लंय लेकानं, निवांत, बहुतेक पिक्चर चालू असतानाच.

तर पोती आधी खाली हलवा नाहीतर विका, मग टाळी वाजवा, मग तो पार्टी स्पीकर आणून शेजाऱ्यांकडं बसून या. अन् खोलीचं माप परत एकदा टेपनं घ्या, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, पत्रातली ११ बाय १४ बघून वाटतंय की ती नकाशावरची आहेत. खरी मापं अन् पोरांच्या टेबलापाशी काय ऐकू आलं ते कळवा, मग चौकटी कुठं लावायच्या त्याचं चित्र काढून पाठवतो.